अ‍ॅझ्टेक आणि माया खरंच 'लुप्त' झाले का? स्पॅनिश आक्रमणाआधीची आणि नंतरची मेसोअमेरिका

१ ऑक्टोबर २०२४. क्लाउडिया शेनबॉम मेक्सिकोच्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष म्हणून शपथ घेणार होत्या. अनेक देशांच्या प्रमुखांना निमंत्रणं गेली, पण स्पेनचे राजे सहावे फेलिपे यांना बोलावणं नव्हतं. याचा निषेध म्हणून स्पेनने सोहळ्याला कुणालाच पाठवलं नाही.

हा रुसवा एका पत्रावरून सुरू झाला होता. २०१९ मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष आंद्रेस मॅन्युएल लोपेझ ओब्राडोर यांनी स्पेनचे राजे आणि पोप या दोघांना पत्रं लिहिली. ५०० वर्षांपूर्वी मेक्सिकोच्या मूळ रहिवाशांवर जे अत्याचार झाले, त्याबद्दल माफी मागा, अशी मागणी त्यात होती. पाच शतकांपूर्वीच्या घटना आजच्या मोजपट्टीने मोजता येणार नाहीत, असं सांगत स्पेन सरकारने ती फेटाळली. राजांनी तर पत्राचं उत्तरही दिलं नाही, असं शेनबॉम यांचं म्हणणं होतं.

पाचशे वर्षं जुनं भांडण आजही इतकं ताजं का आहे? कारण शाळेत आपण ही गोष्ट साधारण दोन ओळींत शिकलेलो असतो: मूठभर स्पॅनिश सैनिक आले, त्यांच्याकडे बंदुका आणि घोडे होते, आणि अ‍ॅझ्टेक, माया वगैरे संस्कृती नष्ट झाल्या. यातली पहिली ओळ अर्धवट आहे आणि दुसरी चूक. कशी, ते समजून घेऊ.

मेसोअमेरिका म्हणजे नेमका कुठला भाग?

मध्य मेक्सिकोपासून दक्षिणेला ग्वाटेमाला, बेलीझ, एल साल्वाडोर आणि पुढे होंडुरास, निकाराग्वा, कोस्टा रिका या देशांच्या काही भागांपर्यंत पसरलेला हा प्रदेश. 'मेसोअमेरिका' हा शब्द मात्र अलीकडचा आहे. पॉल किर्शहोफ या मानववंशशास्त्रज्ञाने १९४३ मध्ये तो रूढ केला.

इथे एकच राज्य किंवा एकच भाषा कधीच नव्हती. डझनावारी भाषा बोलणारे, एकमेकांशी व्यापार करणारे आणि तितक्याच जोमाने लढणारे अनेक समाज होते. तरीही त्यांच्यात काही गोष्टी समान होत्या. मका हे मुख्य अन्न, २६० दिवसांचं धार्मिक पंचांग, पायऱ्यापायऱ्यांचे पिरॅमिड, रबरी चेंडूचा खेळ आणि चित्रलिपीतली पुस्तकं.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. या लोकांकडे बैल, घोडे असे ओझं ओढणारे प्राणी नव्हते. चाक त्यांना माहीत होतं, मातीच्या खेळण्यांना त्यांनी चाकं लावलेली सापडली आहेत, पण गाड्या ओढणार कोण? त्यामुळे वाहतूक माणसाच्या पाठीवर किंवा होडीतून व्हायची. लोखंडही नव्हतं. ज्वालामुखीच्या काचेसारख्या दगडापासून, म्हणजे ऑब्सिडियनपासून, ते वस्तऱ्यासारखी धारदार पाती बनवत. पुढे ज्या शहरांबद्दल वाचाल, ती एवढ्या साधनांवर उभी राहिली आहेत.

सगळ्याची सुरुवात मक्यापासून

सुमारे ९,००० वर्षांपूर्वी दक्षिण मेक्सिकोच्या बाल्सास नदीच्या खोऱ्यात तिथल्या लोकांनी टिओसिंटे नावाच्या रानटी गवतापासून मका घडवायला सुरुवात केली. टिओसिंटेचं कणीस बोटाएवढं आणि त्यात मोजके टणक दाणे. पिढ्यान् पिढ्या चांगलं बियाणं निवडत त्यातून आजचा मका तयार झाला. त्याच्या जोडीला घेवडा आणि भोपळा. हे तिन्ही एकाच शेतात लावायची पद्धत आजही तिथे टिकून आहे.

पण खरी कमाल स्वयंपाकघरात झाली. तिथल्या बायका मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, रात्रभर भिजवून, मग पाट्यावर वाटत. या प्रक्रियेला निश्तमल म्हणतात. चुन्यामुळे मक्याचं टरफल सुटतं आणि एरवी शरीराला न मिळणारं ब-३ जीवनसत्त्व मोकळं होतं. पुढे युरोपने मका नेला, पण ही रीत नेली नाही. त्यामुळे उत्तर इटलीसारख्या भागांत फक्त मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा हा भयंकर आजार होऊ लागला. ज्यांना 'मागास' म्हटलं गेलं, त्यांच्या पाट्यावरचं शास्त्र जगाला कळायला काही शतकं लागली.

ओल्मेक, टेओटिवाकान आणि इतर

मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्यावर, आजच्या वेराक्रूझ आणि टाबास्को राज्यांत, इसवी सनापूर्वी सुमारे १२०० ते ४०० या काळात ओल्मेक संस्कृती बहरली. बसाल्ट दगडात कोरलेली त्यांची अवाढव्य मस्तकं प्रसिद्ध आहेत. अशी १७ मस्तकं आतापर्यंत सापडली आहेत. दगड दूरच्या डोंगरातून आणलेला, तोही जनावरांशिवाय.

ओआहाका खोऱ्यात झापोटेक लोकांनी इ. स. पूर्व ५०० च्या सुमारास डोंगरमाथा सपाट करून मोंते अल्बान हे शहर वसवलं. आजच्या मेक्सिको सिटीच्या ईशान्येला टेओटिवाकान उभं राहिलं. ऐन भरात असताना तिथे लाखाहून जास्त लोक राहत होते, म्हणजे ते त्या काळातल्या जगातल्या मोठ्या शहरांपैकी एक होतं. तिथला सूर्याचा पिरॅमिड साधारण ६५ मीटर उंच आहे. विशेष म्हणजे सामान्य लोकही दगडी पायाच्या, अंगण असलेल्या मोठ्या वाड्यांमध्ये राहत. सहाव्या शतकात या शहराचा मध्यभाग जाळला गेला आणि त्याचं वैभव संपलं. 'टेओटिवाकान' हे नावही त्याला कित्येक शतकांनी, अ‍ॅझ्टेक लोकांनी दिलेलं.

माया: गणित, पंचांग आणि 'गूढ' अंत

माया म्हणजे एक साम्राज्य नव्हे. टिकाल, कालाकमुल, पालेंके, कोपान अशी अनेक नगरराज्यं होती आणि प्रत्येकाचा राजा वेगळा. साधारण इ. स. २५० ते ९०० हा त्यांचा 'अभिजात' काळ मानला जातो.

मायांची लिपी उच्चार आणि अर्थ दोन्ही दाखवणारी, पूर्ण विकसित होती. गणित वीसच्या पटीत चालायचं. आपल्याकडेही जुनी माणसं 'दोन विशा, तीन विशा' अशी मोजदाद करायची, तसंच काहीसं. टिंब म्हणजे एक, आडवी रेघ म्हणजे पाच, आणि शून्यासाठी शिंपल्यासारखं चिन्ह. मेसोअमेरिकेत शून्याची कल्पना भारताशी कसलाही संबंध नसताना स्वतंत्रपणे जन्मली. शुक्राच्या उदयास्ताची त्यांची कोष्टकं आजही अभ्यासकांना थक्क करतात.

२०१२ मध्ये 'जग बुडणार' म्हणून जी अफवा पसरली होती, ती याच लोकांच्या नावावर खपवली गेली. प्रत्यक्षात २१ डिसेंबर २०१२ च्या सुमारास मायांच्या दीर्घ गणनेतलं एक मोठं आवर्तन संपत होतं, एवढंच.

मग माया 'गायब' कसे झाले? तर ते गायब झालेच नाहीत. आठव्या-नवव्या शतकात दक्षिणेकडच्या सखल भागातली मोठी शहरं ओस पडली. वारंवार पडलेला दुष्काळ, आपापसातली युद्धं आणि राजांवरचा उडालेला विश्वास अशी बरीच कारणं त्यामागे आहेत. पण लोक उत्तरेला आणि डोंगराळ भागात राहतच होते. चिचेन इत्झासारखी शहरं त्यानंतरच भरभराटीला आली. स्पॅनिश आले तेव्हा माया तिथेच होते आणि आजही आहेत.

तळ्यातली राजधानी

ज्यांना आपण अ‍ॅझ्टेक म्हणतो, ते स्वतःला 'मेशिका' म्हणवत. 'मेक्सिको' हे नाव त्यातूनच आलं. उत्तरेकडून आलेले हे लोक मेक्सिकोच्या खोऱ्यात तसे उशिरा पोहोचले. १३२५ मध्ये त्यांनी टेश्कोको तळ्यातल्या एका बेटावर टेनोचटिटलान हे गाव वसवलं. १४२८ मध्ये टेश्कोको आणि त्लाकोपान या शेजारी राज्यांशी युती करून त्यांनी आपल्यावर राज्य करणाऱ्यांनाच हरवलं. पुढच्या ९० वर्षांत ही तिहेरी युती मध्य मेक्सिकोतली सर्वांत मोठी सत्ता बनली.

राजधानी बघणाऱ्याचे डोळे दिपावेत अशी होती. बेटाला जमिनीशी जोडणारे लांबलचक बांध, त्यांवर उचलता येणारे पूल, चापुल्तेपेकहून गोडं पाणी आणणारी जलवाहिनी, रस्त्यांच्या बरोबरीने कालवे. तळ्याच्या उथळ भागात गाळ आणि पालापाचोळा रचून केलेली 'चिनाम्पा' शेतं वर्षात अनेक पिकं देत. शहराची लोकसंख्या दीड ते दोन लाख असावी, असा अंदाज बरेच अभ्यासक मांडतात. त्या काळी स्पेनमधलं एकही शहर एवढं मोठं नव्हतं. त्लातेलोल्कोच्या बाजारात तर रोज हजारो लोक यायचे. कोकोच्या बिया तिथे सुट्ट्या पैशांसारख्या चालत.

पण या वैभवाची किंमत इतर लोक मोजत होते. हरलेल्या गावांना कापूस, मका, कोको, पिसं, योद्ध्यांचे पोशाख असा ठरलेला खंडणीचा माल पाठवावा लागे. नरबळीही खरे होते. २०१५ मध्ये मेक्सिको सिटीत मुख्य मंदिराजवळ कवट्यांचा मनोरा सापडला. तिथून आतापर्यंत ६०० हून जास्त कवट्या मिळाल्या आहेत आणि त्यात स्त्रिया, मुलंही आहेत. स्पॅनिश लेखकांनी बळींचे आकडे फुगवले हे खरं, पण प्रथाच नव्हती असं म्हणता येत नाही.

हे सांगणं गरजेचं आहे, कारण पुढे जे झालं त्याचं एक मोठं कारण इथेच आहे. मेशिकांना वैतागलेले लोक त्यांच्या आजूबाजूलाच राहत होते.

५०० जणांनी साम्राज्य कसं जिंकलं? तर, जिंकलं नाही

१५१९ मध्ये एर्नान कोर्तेस क्युबाहून ११ जहाजं, सुमारे ५०० सैनिक आणि १६ घोडे घेऊन निघाला. क्युबाच्या गव्हर्नरने ऐनवेळी मोहीम रद्द करायचा प्रयत्न केला होता, म्हणजे तो एका अर्थाने बंडखोरच होता.

टाबास्कोच्या किनाऱ्यावर त्याने एक लढाई जिंकली आणि तिथल्या सरदारांनी त्याला २० स्त्रिया भेट म्हणून दिल्या. त्यात एक तरुण मुलगी होती. तिला मेशिकांची नावात्ल भाषा येत होती आणि माया भाषाही. आधीच एकदा गुलाम म्हणून विकली गेलेली ही मुलगी म्हणजे मालिनत्सिन, ऊर्फ मालिंचे. सुरुवातीला ती नावात्लचं मायामध्ये भाषांतर करायची आणि हेरोनिमो दे अगिलार हा मायांकडे अनेक वर्षं काढलेला स्पॅनिश माणूस मायाचं स्पॅनिशमध्ये. लवकरच ती स्वतःच स्पॅनिश शिकली. तिच्याशिवाय कोर्तेसला कुणाशी बोलताच आलं नसतं.

आजच्या मेक्सिकोत परकीयांच्या पुढे पुढे करणाऱ्याला 'मालिंचिस्ता' म्हणतात. आपल्याकडच्या 'घरभेदी'सारखा हा शब्द. पण जिला तिच्याच माणसांनी विकलं, तिने नेमका कुणाशी द्रोह केला, असा प्रश्न आता मेक्सिकोतल्या अनेक अभ्यासक आणि स्त्रीवादी लेखिका विचारतात. शिवाय 'सगळे मूलनिवासी एक' ही कल्पनाच तेव्हा नव्हती. माणूस आपल्या गावाशी, आपल्या नगरराज्याशी बांधलेला असे.

हेच त्लाश्कालाच्या बाबतीतही खरं आहे. मेशिकांच्या ताब्यातल्या प्रदेशाने चहूबाजूंनी वेढलेलं हे राज्य अनेक दशकं स्वतंत्र राहिलं होतं. मीठ आणि कापूस मिळणंही त्यांना मुश्किल झालं होतं. कोर्तेस आला तेव्हा त्यांनी आधी त्याच्याशी लढाई केली. मग त्यांच्यातल्या ज्येष्ठांनी हिशोब मांडला आणि सप्टेंबर १५१९ मध्ये युती केली. त्यांच्या नजरेतून पाहिलं तर स्पॅनिश त्यांच्या युद्धात सामील झाले होते, ते स्पॅनिशांच्या नव्हे.

८ नोव्हेंबर १५१९ रोजी कोर्तेस टेनोचटिटलानमध्ये शिरला तेव्हा त्याच्यासोबत हजारो त्लाश्काला योद्धे होते. राजा मोक्तेसुमा त्याला 'देव' समजला, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. पण ती कोर्तेसच्या स्वतःच्या पत्रांत या रूपात सापडत नाही. काही दशकांनी, पराभवाचं कारण शोधताना ती पसरली. बहुतेक इतिहासकार आता ती मानत नाहीत.

देवीची साथ आणि अडीच महिन्यांचा वेढा

काही दिवसांतच कोर्तेसने मोक्तेसुमाला नजरकैदेत टाकलं. मे १५२० मध्ये तो शहराबाहेर असताना त्याचा सहकारी पेद्रो दे अल्वारादो याने टोश्काट्ल सणात नाचणाऱ्या निःशस्त्र मेशिका सरदारांची कत्तल केली. शहर पेटून उठलं. मोक्तेसुमा मारला गेला. कुणाच्या हातून, याबद्दल स्पॅनिश आणि नावात्ल साधनं वेगवेगळं सांगतात. ३० जूनच्या रात्री स्पॅनिश आणि त्यांचे मित्र पळून जाताना बांधावरच गाठले गेले. शेकडो स्पॅनिश आणि त्याहून जास्त त्लाश्काला सैनिक मेले.

खरं तर मोहीम इथेच संपायला हवी होती. पण त्लाश्कालाने पळून आलेल्यांना आसरा दिला. आणि त्याच सुमाराला स्पॅनिश जहाजांतून आलेली देवीची साथ शहरात शिरली.

देवी हा रोग या खंडाने कधीच पाहिला नव्हता. कुणाच्याही शरीरात त्याविरुद्ध प्रतिकारशक्ती नव्हती. घरातले सगळे एकदम आजारी पडले की पाणी द्यायलाही कुणी उरत नसे, त्यामुळे रोगातून वाचू शकले असते असेही उपासमारीने गेले. मोक्तेसुमानंतर गादीवर आलेला कुइतलावाक सुमारे ८० दिवसांतच देवीने मेला. त्याच्यानंतर तरुण कुआउतेमोक राजा झाला.

मे १५२१ मध्ये वेढा सुरू झाला. स्पॅनिश हजाराच्या आत-बाहेर आणि त्यांच्या बाजूने लढणारे स्थानिक योद्धे हजारोंच्या संख्येने. तळ्यात उतरवलेली १३ लढाऊ गलबतंसुद्धा त्लाश्कालात तयार झाली होती आणि तिथल्याच हमालांनी सुटे भाग खांद्यावर वाहून डोंगर ओलांडून आणली होती. जलवाहिनी तोडली गेली. आत अन्न संपलं, लोक सरडे आणि तळ्यातलं शेवाळ खाऊ लागले. तरीही गल्लीगल्लीत लढाई चालू राहिली. शेवटी १३ ऑगस्ट १५२१ रोजी कुआउतेमोक पकडला गेला.

म्हणून इतिहासकार आता असं मांडतात: टेनोचटिटलान पाडलं ते स्थानिक राज्यांच्या मोठ्या आघाडीने आणि एका रोगाने. स्पॅनिश त्या आघाडीचा छोटा भाग होते. विजयाची मालकी मात्र नंतर त्यांच्याकडे गेली.

१५२१ नंतर काय झालं?

पहिली गोष्ट म्हणजे 'विजय' तिथे संपला नाही. १५२४ मध्ये अल्वारादो ग्वाटेमालात गेला, तेव्हाही त्याच्यासोबत त्लाश्काला आणि इतर मध्य मेक्सिकोतले योद्धे होते. युकातानमध्ये स्पॅनिशांना दोनदा माघार घ्यावी लागली आणि मेरिदा शहर १५४२ मध्ये वसलं. ग्वाटेमालातलं नोहपेतेन हे इत्झा मायांचं बेटावरचं राज्य तर १३ मार्च १६९७ रोजी पडलं. म्हणजे टेनोचटिटलाननंतर तब्बल १७६ वर्षांनी. तिकडे कोर्तेसचे नातू-पणतू होऊन गेले, तरी एक माया राजा स्वतंत्र होता.

दुसरी गोष्ट मृत्यूची. १५४५ आणि १५७६ मध्ये कोकोलित्स्ली नावाच्या महाभयंकर साथी आल्या. ओआहाकातल्या एका दफनभूमीतल्या दातांमधून १५४५ च्या साथीच्या काळातल्या साल्मोनेला जिवाणूचा डीएनए मिळाल्याचं संशोधन २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. पण रोगांनी एकट्याने जीव घेतले नाहीत. 'एन्कोमिएन्दा' पद्धतीत गावंच्या गावं स्पॅनिश मालकांच्या वाट्याला दिली जात. त्यांच्याकडून कर आणि वेठबिगार वसूल होई. खाणीतलं काम, सक्तीचं स्थलांतर आणि उपासमार यांनी खंगलेल्या शरीरांना रोगाने गाठलं. आक्रमणाआधी मध्य मेक्सिकोत किती लोक होते, याचे अंदाज ५० लाखांपासून अडीच कोटींपर्यंत जातात. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला उरले साधारण १० ते १५ लाख. कुठलाही अंदाज धरला, तरी घर म्हणून घर मोकळं झालं होतं.

याविरुद्ध बोलणारे स्पॅनिशही होते. बार्तोलोमे दे लास कासास या धर्मगुरूने आयुष्यभर या अत्याचारांची नोंद केली. १५४२ मध्ये राजाने नवे कायदे करून एन्कोमिएन्दावर मर्यादा आणल्या, पण मालकांच्या विरोधापुढे त्यातले बरेच मागे घ्यावे लागले.

पुस्तकं जाळली आणि पुस्तकं लिहिलीसुद्धा

१२ जुलै १५६२ रोजी युकातानमधल्या मानी या गावी दिएगो दे लांदा या फ्रान्सिस्कन धर्मगुरूने मूर्तींसोबत माया पोथ्यांची होळी केली. आधी छळ करून लोकांकडून 'मूर्तिपूजे'चे कबुलीजबाब घेतले होते. आज जगात मायांच्या फक्त चार जुन्या पोथ्या उरल्या आहेत. त्यातल्या तीन ड्रेस्डेन, माद्रिद आणि पॅरिसमध्ये आहेत आणि एक मेक्सिकोत.

गंमत बघा, याच लांदाने माया चालीरीतींवर एक ग्रंथ लिहिला आणि त्यात माया चिन्हांची एक अर्धीकच्ची 'वर्णमाला' नोंदवली. १९५२ मध्ये युरी क्नोरोझोव या सोव्हिएत अभ्यासकाने तीच किल्ली वापरून माया लिपीचं कोडं सोडवायला सुरुवात केली.

पण ज्यांच्या पोथ्या जळाल्या ते गप्प बसले नाहीत. त्यांनी रोमन लिपी शिकून घेतली आणि ती आपल्या भाषांसाठी वापरली. १५३६ मध्ये त्लातेलोल्कोत उघडलेल्या कॉलेजात शिकलेले नावा तरुण नावात्ल, स्पॅनिश आणि लॅटिन तिन्ही भाषांत लिहीत. त्यांच्याच मदतीने बेर्नार्दिनो दे साहागुन याने १२ भागांचा 'फ्लोरेन्टाइन कोडेक्स' तयार केला. आक्रमणाची हकीकत नावात्लमध्ये, हरलेल्यांच्या बाजूने सांगणारा भागही त्यात आहे. १५७६ च्या साथीत आजूबाजूला माणसं मरत असताना तिथले लेखक-चित्रकार हे काम करत होते.

ग्वाटेमालात किचे मायांनी आपली सृष्टीकथा 'पोपोल वुह' सोळाव्या शतकात रोमन लिपीत उतरवून ठेवली. त्लाश्कालाच्या लोकांनी आम्हीच तुमचे विजयाचे भागीदार, असं सांगणारी चित्रपट्टी करून राजाकडे सवलती मागितल्या आणि काही मिळवल्यासुद्धा. शेकडो गावांनी नावात्लमध्ये मृत्युपत्रं, जमिनीचे दावे, अर्ज लिहिले. आपल्याकडे मोडीतल्या कागदांवरून जसं गावगाड्याचं चित्र उभं राहतं, तसं या कागदांवरून तिथल्या साध्या माणसांचं आयुष्य आज वाचता येतं. गावाची पाण्याची वाटणी, सुनेला दिलेला पाटा, शेजाऱ्याने सरकवलेला बांध, सगळं.

मग हे लोक आज कुठे आहेत?

तिथेच आहेत. २०२० च्या जनगणनेनुसार मेक्सिकोत ७३ लाखांहून जास्त लोक मूलनिवासी भाषा बोलतात. त्यात नावात्ल बोलणारे सुमारे १६.५ लाख. देशात अशा ६८ भाषांना अधिकृत मान्यता आहे. ग्वाटेमालात २२ माया भाषांना मान्यता आहे.

पण 'आहेत' म्हणजे 'बरे आहेत' असं नाही. युकातानमध्ये १८४७ मध्ये जमिनी आणि करांवरून पेटलेलं मायांचं बंड पन्नासहून जास्त वर्षं चाललं. तेव्हा त्यांना दडपणारं सरकार स्पेनचं नव्हतं, स्वतंत्र मेक्सिकोचं होतं. १ जानेवारी १९९४ रोजी चियापासमध्ये झापातिस्ता बंड झालं, त्यात बहुसंख्य माया शेतकरी होते.

सर्वांत भयानक प्रसंग तर अगदी कालपरवाचा. ग्वाटेमालाच्या १९६० ते १९९६ च्या यादवी युद्धात दोन लाखांहून जास्त लोक मारले गेले किंवा बेपत्ता झाले. संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने नेमलेल्या सत्यशोधन आयोगाने १९९९ मध्ये अहवाल दिला. ओळख पटलेल्या बळींपैकी ८३ टक्के माया होते आणि लष्कराने काही माया समूहांविरुद्ध वंशसंहाराची कृत्यं केली, असं त्यात म्हटलं आहे. या युद्धात आई-वडील आणि भाऊ गमावलेल्या किचे माया कार्यकर्त्या रिगोबेर्ता मेंचू यांना १९९२ मध्ये शांततेचं नोबेल मिळालं.

आता लक्षात येईल, 'लुप्त संस्कृती' हा शब्द नुसता चुकीचा नाही, तो सोयीचा आहे. पिरॅमिड बांधणारे नाहीसेच झाले असं म्हटलं, की पिरॅमिडशेजारी हस्तकलेच्या वस्तू विकणाऱ्या माया बाईचं त्या पिरॅमिडशी नातं उरत नाही. मग तिच्या जमिनीचा, भाषेचा, शाळेचा प्रश्न इतिहासाचा राहत नाही.

मग माफी कुणी मागायची?

लोपेझ ओब्राडोर यांच्या पत्रावर मेक्सिकोतही टीका झाली. तुमचं आडनाव स्पॅनिश, तुमची भाषा स्पॅनिश, आणि स्वातंत्र्यानंतर २०० वर्षं मूलनिवासींच्या जमिनी तुमच्याच सरकारांनी घेतल्या, त्याचं काय, असं लोकांनी विचारलं. मे २०२१ मध्ये त्यांनी युकातान द्वीपकल्पात जाऊन माया लोकांची मेक्सिको सरकारच्या वतीने माफी मागितली. पण त्याच भागातून जाणाऱ्या त्यांच्या 'माया ट्रेन' प्रकल्पाला काही माया संघटना तेव्हाही विरोध करत होत्या.

म्हणजे प्रश्न फक्त माद्रिदच्या राजवाड्याला विचारून सुटणारा नाही.

जाता जाता, आपल्याकडे

मिरची, टोमॅटो आणि मका सोळाव्या शतकानंतर पोर्तुगीज आणि इतर युरोपीय व्यापाऱ्यांमार्फत भारतात आले. त्याआधी आपल्याकडे तिखटपणा मिऱ्याचा होता. 'टोमॅटो' हा शब्द नावात्लमधल्या 'तोमात्ल'वरून आला. डहाणू-घोलवडच्या बागांतला चिकूही मूळचा तिकडचाच आणि त्याचं नावही स्पॅनिशमार्गे नावात्लमधूनच आलेलं.

दसऱ्याला आपण दाराला ज्याचं तोरण लावतो, तो झेंडूसुद्धा मेक्सिकोचा. नावात्लमध्ये त्याच्या नावाचा अर्थ 'वीस फूल', म्हणजे भरपूर पाकळ्यांचं फूल. दसरा होऊन काही दिवस गेले की, १ आणि २ नोव्हेंबरला, मेक्सिकोतली कुटुंबं त्याच झेंडूच्या पाकळ्यांची वाट अंगणापासून घरातल्या देव्हाऱ्यापर्यंत घालतात. गेलेली माणसं त्या वासावरून घर ओळखतात, अशी श्रद्धा आहे. बऱ्याच गावांत त्या वेळी म्हटल्या जाणाऱ्या प्रार्थना आजही नावात्लमध्ये असतात.